आवकेच्या यादीतील चेकबॉक्स आणि डेटाबेसमधील नोंद: जोडणी पक्की कशी करावी

लातूरच्या मोंढ्यातील एखाद्या आडत दुकानासाठी मोबाइल ॲप करायचे म्हटले, की त्यातील सर्वाधिक उघडली जाणारी स्क्रीन आवकेच्या यादीची असते. शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, काट्यावरचे निव्वळ वजन आणि शेवटी एक चेकबॉक्स: पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची रक्कम) अदा झाली की नाही. सोयाबीनच्या हंगामात ही यादी एका स्क्रीनमध्ये मावत नाही, मुनीम ती बोटाने वर-खाली सरकवत राहतो आणि नेमके इथेच घाईत लिहिलेल्या ॲपचे पितळ उघडे पडते. औशाच्या शेतकऱ्यासमोर टिक करून यादी खाली न्यावी, तर रेणापूरच्या शेतकऱ्यासमोरही टिक दिसते. पुन्हा वर यावे, तर पहिली टिक गायब झालेली असते. ‘ही टिक मी केलीच नाही, आपोआप पडली’ असे मुनीम म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. यादी पैशांची असल्यामुळे ही गडबड दिसण्यापुरती राहत नाही: ज्याची पट्टी अदा झालेलीच नाही, तो शेतकरी हिशोबात ‘मिळाले’ म्हणून नोंदला जातो.

हा लेख अँड्रॉइडवर कोटलिन (प्रोग्रॅमिंगची भाषा), रूम (फोनमधील एसक्यूलाइट या डेटाबेससाठीची लायब्ररी) आणि रीसायकलर व्ह्यू (सरकणारी यादी दाखवणारा घटक) वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. कंपोज आणि फ्लटर (स्क्रीन बनवण्याची दुसरी साधने) वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि वाचायला सोपी जावीत म्हणून मध्ये जोडरेघ देऊन लिहिली आहेत. स्क्रीनवर दिसते तिला ‘ओळ’ आणि डेटाबेसमध्ये असते तिला ‘नोंद’ असे लेखभर म्हटले आहे, कारण या दोहोंची गल्लत हेच या दुखण्याचे मूळ आहे.

टिक भलत्याच ओळीवर का दिसते

यादीत दीडशे नोंदी असल्या, तरी रीसायकलर व्ह्यू दीडशे ओळी तयार करत नाही. स्क्रीनवर आठ-नऊ ओळी मावत असतील, तर तो त्याहून काही थोड्या जास्त ओळी बनवतो आणि वरून बाहेर गेलेली ओळ खालून येणाऱ्या नोंदीसाठी पुन्हा वापरतो. २०१४ मध्ये अँड्रॉइड लॉलीपॉपसोबत रीसायकलर व्ह्यू आला, त्याआधीच्या लिस्ट व्ह्यूमध्येही हीच युक्ती होती. त्याच्या कर्सर ॲडॅप्टरमध्ये (नोंदी ओळींत भरणाऱ्या घटकात) नवी ओळ बनवणारे न्यू-व्ह्यू आणि जुन्या ओळीत नवी माहिती भरणारे बाइंड-व्ह्यू अशी दोन वेगळी फंक्शन्स याच कारणासाठी होती. रीसायकलर व्ह्यूमध्ये ती कामे ऑन-क्रिएट-व्ह्यू-होल्डर आणि ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डर यांच्याकडे आली.

पुन्हा वापरात आलेली ओळ स्वतःहून कोरी होत नाही. काट्यावर दुसऱ्याचा माल चढवण्यापूर्वी आकडा शून्यावर आणावा लागतो, तसेच इथेही आहे. नाव, गाव, वजन हे मजकूर आपण प्रत्येक वेळी नव्याने भरतो, म्हणून तिथे चूक दिसत नाही. चेकबॉक्सला मात्र ‘आता तू टिक केलेला नाहीस’ असे कोणी सांगितले नाही, तर तो मागच्या शेतकऱ्याची टिक तशीच मिरवत राहतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे ओळींचा पुनर्वापर बंद करणे, आणि इंटरनेटवर तो सल्ला आजही सापडतो. तो मानू नये. यादी अडखळू लागते, कमी मेमरीच्या फोनवर ॲप जड होते, आणि मूळ प्रश्न, म्हणजे टिकेची खरी जागा कोणती हा, तसाच राहतो. टिक डेटाबेसमधील नोंदीत राहते. चेकबॉक्स ती फक्त दाखवतो आणि बदलाची विनंती वर पोहोचवतो. पुढची प्रत्येक पायरी याच एका नियमातून निघते.

आधी टेबल नीट आखावे

एसक्यूलाइटमध्ये बूलियन असा स्वतंत्र प्रकार नाही. होय-नाही ही माहिती १ आणि ० अशी पूर्णांकात ठेवतात. कोटलिनमधील बूलियन फील्ड रूम स्वतःच अशा पूर्णांकात बदलून ठेवते, त्यामुळे ते वेगळे लिहावे लागत नाही. हाताने लिहिलेल्या क्वेरीत मात्र ट्रू आणि फॉल्स हे शब्द टाळावेत. ते एसक्यूलाइटच्या ३.२३ आवृत्तीत, २०१८ मध्ये, १ आणि ० यांची दुसरी नावे म्हणून आले. अँड्रॉइड १० सोबत येणारे एसक्यूलाइट साधारणपणे ३.२२ आवृत्तीचे असते. आपल्या नव्या फोनवर चालणारी क्वेरी दुकानातल्या जुन्या फोनवर ‘असा कॉलम नाही’ म्हणून कोसळते ती यामुळे.

होय-नाहीचा कॉलम ठेवायचाच असेल, तर तो ‘नॉट नल’ आणि ‘डिफॉल्ट ०’ असा असावा. नल राहू दिला, तर टिक आहे, टिक नाही आणि माहीत नाही अशा तीन अवस्था तयार होतात, आणि ‘बाकी’ पट्ट्यांची क्वेरी ‘बरोबर ०’ अशी लिहिली असेल, तर नल असलेल्या नोंदी त्या यादीतून गुपचूप वगळल्या जातात.

माझे मत मात्र असे आहे, की जिथे टिकेचा अर्थ पैसे दिले असा होतो, तिथे होय-नाहीऐवजी वेळ साठवावी. पट्टी-वेळ नावाचा पूर्णांक कॉलम ठेवावा, त्यात पट्टी अदा केल्याची वेळ मिलिसेकंदांत भरावी आणि अदा झालेली नसेल तोवर तो नल असू द्यावा. इथे नलला एकच स्वच्छ अर्थ आहे. चेकबॉक्ससाठी ‘पट्टी-वेळ नल नाही’ एवढी तपासणी पुरते, आणि सायंकाळी मालकाने ‘ही पट्टी कधी दिली’ असे विचारले, तर उत्तर त्याच नोंदीत सापडते. दोन्ही कॉलम सोबत ठेवण्याचा मोह आवरावा. एकच गोष्ट सांगणारे दोन कॉलम एक ना एक दिवस परस्परविरोधी बोलू लागतात. पैसे हप्त्याहप्त्याने दिले जात असतील, तर टिक हा कॉलमच असू नये: अदा रकमांचे वेगळे टेबल करावे, त्यातील बेरीज पट्टीच्या रकमेइतकी झाली की टिक दिसावी आणि तो चेकबॉक्स बोटाने बदलता येऊ नये.

ॲप आधीपासून वापरात असेल, तर नवा कॉलम मायग्रेशनने, म्हणजे जुनी माहिती राखून टेबलाची रचना बदलणाऱ्या पायरीने, जोडावा लागतो. एसक्यूलाइट जुन्या टेबलात ‘नॉट नल’ कॉलम डिफॉल्ट किंमत दिल्याशिवाय जोडू देत नाही. नल चालणाऱ्या पट्टी-वेळला ही अट नाही. डिफॉल्ट दिला असेल, तर एंटिटीमधील (टेबलाचे वर्णन करणाऱ्या क्लासमधील) कॉलम-इन्फोमध्येही तो जुळता असावा, नाहीतर मायग्रेशननंतरच्या पडताळणीत रूम ॲप थांबवू शकते. त्या त्रासाला कंटाळून फॉलबॅक-टू-डिस्ट्रक्टिव्ह-मायग्रेशन लावणारे भेटतात. मायग्रेशन सापडले नाही, की ते टेबले पाडून नवी, रिकामी टेबले उभी करते. म्हणजे दुकानाचा अख्खा हंगाम पुसला जातो.

डाओमध्ये नेमकेपणाने लिहावे

डाओ म्हणजे रूममध्ये डेटाबेसच्या क्वेरी जिथे लिहितात तो इंटरफेस. टिक बदलण्यासाठी रूमच्या अपडेट ॲनोटेशनला पूर्ण नोंद देणे सोपे वाटते, पण त्यात धोका आहे. यादीने वाचलेली नोंद काही क्षणांपूर्वीची असते. तेवढ्यात काट्यावरच्या स्क्रीनवरून किंवा पार्श्वभूमीत चालणाऱ्या सिंकमधून वजन दुरुस्त झाले असेल, तर पूर्ण नोंद लिहिताना जुने वजन पुन्हा बसते आणि टिक करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एकाच कॉलमला हात लावणारी क्वेरी लिहावी:

अपडेट आवक सेट पट्टी-वेळ = :वेळ व्हेअर आयडी = :आयडी अँड पट्टी-वेळ इज नल

शेवटची अट मुद्दाम घातली आहे. घाईत दोनदा बोट लागले, तरी पहिली वेळ टिकून राहते. टिक काढण्यासाठी पट्टी-वेळ नल करणारी दुसरी, स्वतंत्र क्वेरी असावी. ‘जे आहे त्याच्या उलट कर’ अशी एकच क्वेरी लिहून काम भागवू नये, कारण तीच विनंती काही कारणाने दोनदा गेली तर टिक लागून पुन्हा निघते; आपल्याला काय हवे आहे ते स्पष्ट सांगणारी क्वेरी कितीही वेळा गेली, तरी निकाल एकच राहतो.

या फंक्शनने पूर्णांक परत द्यावा. रूम त्यात बदललेल्या नोंदींची संख्या देते: १ आला तर बदल झाला, ० आला तर ती नोंद एकतर उरलेली नाही किंवा तिची पट्टी आधीच अदा झालेली आहे. या शून्याचा उपयोग पुढे होणार आहे.

फंक्शन सस्पेंड, म्हणजे थ्रेड न अडवता थांबू शकणारे, असावे. मुख्य थ्रेडवर डेटाबेसला हात लावला, तर रूम मुळातच अपवाद फेकते. तो टाळण्यासाठी अलाऊ-मेन-थ्रेड-क्वेरीज लावणे म्हणजे यादी अडखळण्याची सोय स्वतःच करून ठेवणे होय. लिहिण्याचे काम व्ह्यू-मॉडेल-स्कोपमध्ये, म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यू मॉडेलच्या आयुष्याला बांधून, सुरू केले, तर मुनीम टिक करून लगेच स्क्रीनमधून बाहेर पडल्यावर ते काम अर्ध्यात रद्द होऊ शकते; पैशांची नोंद असल्यामुळे ती रिपॉझिटरीमध्ये, संपूर्ण ॲपच्या आयुष्याला बांधलेल्या स्कोपमधून लिहावी.

वाचणारे फंक्शन फ्लो (नव्या किंमती देत राहणारा प्रवाह) परत देणारे असावे, म्हणजे डेटाबेसमध्ये बदल झाला की नवी यादी आपोआप येते आणि हाताने ‘यादी पुन्हा भर’ म्हणावे लागत नाही. रूमचे हे लक्ष नोंदीवर नसून पूर्ण टेबलावर असते, हे ध्यानात ठेवावे: आवक टेबलातील कोणतीही नोंद बदलली, तरी संपूर्ण क्वेरी पुन्हा चालते. त्यामुळे काहीच न बदललेली यादी पुन्हा येणेही शक्य असते; ती गाळण्यासाठी डिस्टिंक्ट-अंटिल-चेंज्ड लावावे.

ॲडॅप्टरला ओळख पटवून द्यावी

नवी यादी आल्यावर पूर्ण यादी पुन्हा रंगवणारे नोटिफाय-डेटा-सेट-चेंज्ड वापरू नये. लिस्ट-ॲडॅप्टर घ्यावा, तो डिफयुटिलच्या मदतीने जुनी आणि नवी यादी पार्श्वभूमीतील थ्रेडवर ताडून पाहतो आणि बदललेल्या ओळीच नव्याने भरतो. त्यासाठी त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आर-आयटम्स-द-सेम विचारतो, की ही तीच नोंद आहे का. इथे फक्त आयडी ताडावा, नाव आणि गाव ताडू नये. एकाच शेतकऱ्याच्या सोयाबीनचे ४० कट्टे आणि तुरीचे १२ कट्टे एकाच दिवशी आलेले असतात, एका गावात एकाच नावाची दोन माणसेही असतात. आर-कंटेंट्स-द-सेम विचारतो, की तिच्यात काही बदलले आहे का. डेटा क्लास असेल, तर दोन्हींची सरळ तुलना पुरेशी आहे.

डेटा क्लासमधील सर्व फील्ड ‘व्हॅल’, म्हणजे नंतर न बदलणारी, ठेवावीत. यादीतल्याच ऑब्जेक्टमध्ये जागेवर बदल केला, तर जुन्या यादीतील नोंदही त्याच क्षणी बदललेली असते, तुलनेत फरक सापडत नाही आणि ओळ जुनीच राहते. डेटाबेसमध्ये टिक आहे पण स्क्रीनवर दिसत नाही अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

बाइंड करतानाचा क्रम

आता मुख्य जागा. ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डरमध्ये चेकबॉक्सची किंमत प्रत्येक वेळी, टिक असो वा नसो, भरलीच पाहिजे. ‘पट्टी अदा असेल तर टिक लाव’ एवढेच लिहून ‘नसेल तर काढ’ हे न लिहिणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. अटच लिहू नये, किंमत थेट नोंदीतून द्यावी.

याहून घातक चूक लिसनरच्या (बदल झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) क्रमात असते. सेट-ऑन-चेक्ड-चेंज-लिसनरने लावलेला लिसनर बोट लागल्यावर जसा चालतो, तसाच आपण कोडमधून टिक बदलली तरी चालतो. समजा एका ओळीत आधी औशाची, पट्टी अदा झालेली नोंद होती आणि तिचा लिसनर औशाचा आयडी धरून बसला आहे. यादी सरकली, ती ओळ चाकूरच्या, पट्टी बाकी असलेल्या नोंदीसाठी वापरात आली आणि आपण टिक काढली. त्याच क्षणी जुना लिसनर चालतो आणि औशाच्या नोंदीची पट्टी-वेळ डेटाबेसमध्ये नल करतो. म्हणजे कोणीही चेकबॉक्सला बोट लावलेले नाही, नुसती यादी सरकवली आहे, आणि हिशोब बदलला आहे. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याला पुन्हा पैसे मोजले जाण्याची वाट मोकळी झाली. यावरचा उपाय तीन ओळींचा आहे आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही:

चेकबॉक्स.सेट-ऑन-चेक्ड-चेंज-लिसनर(नल)
चेकबॉक्स.इज-चेक्ड = नोंद.पट्टी-वेळ != नल
चेकबॉक्स.सेट-ऑन-चेक्ड-चेंज-लिसनर { _, नवी -> बदलाची-विनंती(नोंद.आयडी, नवी) }

हे काम करते, तरी मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे: चेंज लिसनर वापरूच नये, साधा सेट-ऑन-क्लिक-लिसनर लावावा. तो कोडमधून टिक बदलल्यावर चालत नाही, बोट लागल्यावरच चालतो. टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्याने दोनदा टॅप केले तरी चालतो. तो चालतो तेव्हा चेकबॉक्सची किंमत बदललेली असते, त्यामुळे लिसनरमध्ये इज-चेक्ड वाचल्यावर नवी किंमत मिळते. शिवाय हा लिसनर ऑन-क्रिएट-व्ह्यू-होल्डरमध्ये ओळ तयार होताना एकदाच लावता येतो, प्रत्येक बाइंडला नवा बनवावा लागत नाही.

एकदाच लावलेल्या लिसनरला आत्ता या ओळीत कोणती नोंद आहे हे बोट लागल्याच्या क्षणी विचारावे लागते. त्यासाठी बाइंडिंग-ॲडॅप्टर-पोझिशन आहे. जुन्या कोडमध्ये दिसणारे ॲडॅप्टर-पोझिशन रीसायकलर व्ह्यूच्या १.२ आवृत्तीपासून बाद ठरवले गेले आहे. मिळालेले स्थान नो-पोझिशन, म्हणजे उणे १, नाही ना हे तपासावे आणि तसे असेल तर काहीही न करता परत फिरावे, कारण ओळ यादीतून निघत असतानाही बोट लागू शकते. त्या स्थानावरील नोंदीचा आयडी लगेच काढून घ्यावा आणि पुढे व्ह्यू मॉडेलकडे तो आयडीच पाठवावा. ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डरला मिळालेला पोझिशन हा आकडा लिसनरमध्ये पकडून ठेवू नये; मध्ये एखादी नवी आवक वर घुसली, की तो शेजारच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवू लागतो.

लिहिणे फसले तर

वरील सर्व केल्यानंतरही एक फट उरते आणि ती चाचणीत सहसा सापडत नाही. बोट लागताच चेकबॉक्स स्वतःच टिक दाखवतो, म्हणजे डेटाबेसने होकार देण्याआधी. लिहिणे यशस्वी झाले, तर फ्लोमधून नवी यादी येते, ओळ पुन्हा भरली जाते आणि सर्व जुळते. पण फोनची जागा संपल्यामुळे लिहिता आले नाही, किंवा क्वेरीने ० परत दिला, तर डेटाबेस बदलत नाही. डेटाबेस बदलला नाही म्हणून नवी यादी येत नाही. आणि नवी यादी आली नाही म्हणून खोटी टिक स्क्रीनवर तशीच राहते. यादी सरकवून परत येईपर्यंत मुनीम तिला खरी समजतो.

म्हणून फसलेल्या लिखाणाची बातमी व्ह्यू मॉडेलने स्क्रीनला वेगळी कळवावी, स्क्रीनने चालू यादीत त्या आयडीचे स्थान शोधावे आणि नोटिफाय-आयटम-चेंज्ड करून ती ओळ नोंदीतून पुन्हा भरावी. सोबत ‘पट्टी नोंदवता आली नाही’ असा छोटा संदेश दाखवावा. एवढे केले की स्क्रीन काही क्षणांपलीकडे खोटे बोलत नाही.

ओळ पुन्हा भरली जाताना ती क्षणभर लुकलुकते, कारण बदललेल्या ओळीसाठी रीसायकलर व्ह्यू मुळातच जुनी ओळ विरवून नवी आणतो. डिफयुटिलमधील गेट-चेंज-पेलोडमधून काहीतरी नल नसलेले परत द्यावे आणि पेलोड घेणाऱ्या ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डरमध्ये फक्त चेकबॉक्स भरावा. मग तीच ओळ जागेवर राहते.

टिक आणि निवड यांची गल्लत नको

यादीत चेकबॉक्स दोन वेगळ्या कामांसाठी येतो. ‘या शेतकऱ्याची पट्टी अदा झाली’ ही नोंदीची स्थिती आहे. ती डेटाबेसमध्ये असलीच पाहिजे. ‘आत्ता छापण्यासाठी मी या पाच पट्ट्या निवडल्या आहेत’ ही केवळ या स्क्रीनपुरती, काही मिनिटांची निवड आहे, आणि तिच्यासाठी टेबलात कॉलम करणे चुकीचे आहे. ॲप मध्येच बंद पडले, तर उद्या सकाळी कालच्या निवडी टिक केलेल्या दिसतील. निवडलेल्या आयडींचा एक सेट व्ह्यू मॉडेलमध्ये ठेवावा आणि अँड्रॉइडने मागून ॲप बंद केले तरी तो टिकावा म्हणून सेव्ह्ड-स्टेट-हँडलमध्ये जपावा. बाइंड करताना मात्र नियम तोच: हा आयडी सेटमध्ये आहे की नाही, तेवढे विचारून किंमत भरावी. एकाच ओळीत दोन्ही चेकबॉक्स एकत्र दाखवू नयेत. निवडीसाठी ओळीवर बोट दाबून धरण्याची रीत बऱ्याच वापरकर्त्यांच्या सवयीची आहे.

क्रमवारीचाही इथे संबंध येतो. बाकी पट्ट्या वर आणि अदा झालेल्या खाली अशी मांडणी ऐकायला चांगली वाटते, पण टिक करताच ती ओळ खाली पळते, तिच्या जागी पुढची ओळ येते आणि त्याच जागी पुन्हा टेकलेले बोट दुसऱ्याच शेतकऱ्याची पट्टी अदा करून बसते. यादी आवक क्रमांकानेच लावावी. फक्त बाकी पट्ट्या पाहायच्या असतील, तर वेगळा टॅब द्यावा. त्या टॅबमध्येही नुकतीच टिक केलेली ओळ लगेच नाहीशी न करता स्क्रीन पुन्हा उघडेपर्यंत राहू द्यावी.

चेकबॉक्सभोवती बोटासाठीची जागा किमान ४८ डीपी (पडद्याच्या घनतेनुसार जुळणारे अँड्रॉइडचे माप) असावी. पूर्ण ओळीवर बोट लागल्यास तपशिलाची स्क्रीन उघडावी आणि टिक फक्त चेकबॉक्सने व्हावी, हे पैशांच्या यादीत अधिक सुरक्षित आहे. लिस्ट व्ह्यू वापरणाऱ्या जुन्या ॲपमध्ये चेकबॉक्समुळे ओळीवरचे क्लिकच बंद पडतात. तिथे चेकबॉक्सचे फोकसेबल फॉल्स करावे. टिक लावताना काही विचारू नये, पण काढताना एकदा विचारावे. टॉकबॅकसाठी नुसते ‘चेकबॉक्स’ न ठेवता शेतकऱ्याचे नाव, माल आणि कट्टे यांसह वर्णन द्यावे.

सर्वांना एकदम टिक

‘आजच्या सर्व पट्ट्या अदा’ असे बटण असेल, तर एकेका नोंदीसाठी अपडेट फिरवू नये. प्रत्येक अपडेटनंतर टेबल बदलल्याची खूण होते, यादी पुन्हा पुन्हा वाचली जाते आणि काम मध्येच थांबले तर निम्म्या पट्ट्या अदा, निम्म्या बाकी अशी अवस्था उरते. तारीख आणि ‘पट्टी-वेळ इज नल’ या अटींवर एकच अपडेट पुरतो. निवडक आयडींसाठी ‘इन’ वापरताना एक मर्यादा आड येते: एसक्यूलाइटच्या ३.३२ पूर्वीच्या आवृत्त्यांत एका क्वेरीत मुळातच ९९९ पेक्षा जास्त किंमती देता येत नाहीत. मोठी यादी असेल, तर तिचे तुकडे करून ते सर्व एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवावेत.

कंपोज आणि फ्लटर वापरत असल्यास

२०२१ मध्ये स्थिर झालेल्या जेटपॅक कंपोजमध्ये यातील बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. तिथला चेकबॉक्स स्वतःहून टिक बदलत नाही. चेक्ड या नावाने जी किंमत द्याल तीच तो दाखवतो आणि ऑन-चेक्ड-चेंज फक्त वापरणाऱ्याच्या कृतीने चालते, त्यामुळे लिहिणे फसले तर खोटी टिक उरतच नाही. लेझी कॉलमच्या आयटम्समध्ये की म्हणून नोंदीचा आयडी द्यावा, एवढे विसरू नये. नवखे लोक ओळीच्या आत रिमेंबर आणि म्युटेबल-स्टेट-ऑफ वापरून टिकेची दुसरी प्रत तयार करतात. मग डेटाबेस एक सांगतो आणि ओळ दुसरे. किंमत थेट नोंदीतून खाली यावी आणि बदलाची विनंती आयडीसह वर जावी.

फ्लटरमधील चेकबॉक्स-लिस्ट-टाइलही याच स्वभावाची आहे: व्हॅल्यू द्यावी, ऑन-चेंज्डमध्ये विनंती पाठवावी. ओळ जर स्वतःची स्थिती बाळगणारी असेल, तर तिला आयडीची व्हॅल्यू-की द्यावी. एसक्यूएफलाइट हे पॅकेज बूलियन घेत नाही, ० आणि १ हे पूर्णांकच घेते, म्हणून नोंद वाचताना ‘१ आहे का’ अशी तुलना करावी लागते. वेळेचा कॉलम ठेवला असेल, तर तोही प्रश्न मिटतो.

तपासणी कशी करावी

पाच-सहा नोंदींवर केलेली तपासणी व्यर्थ आहे, कारण ओळींचा पुनर्वापर तिथे सुरूच होत नाही. किमान दोनशे नोंदी भराव्यात आणि त्यांत एकाच नावाच्या, एकाच गावाच्या काही जोड्या मुद्दाम ठेवाव्यात. वरच्या, मधल्या आणि शेवटच्या काही नोंदींवर टिक करून यादी जोरात खाली-वर फेकावी. फोन आडवा करावा. डेव्हलपर पर्यायांतील ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यावे. यादी समोर असतानाच नवी आवक घालावी आणि ती वर घुसत असताना टिक करून पाहावी. फसलेल्या लिखाणासाठी डाओच्या जागी नेहमी ० परत देणारा खोटा डाओ बसवावा आणि टिक परत निघते की नाही ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र काहीही न करण्याची आहे. अँड्रॉइड स्टुडिओमधील डेटाबेस इन्स्पेक्टर उघडून आवक टेबलावर लाइव्ह अपडेट्स चालू करावेत, पट्टी-वेळ कॉलम समोर ठेवावा आणि एकाही चेकबॉक्सला बोट न लावता यादी तळापर्यंत नेऊन परत आणावी. त्या कॉलममधील एकही किंमत हलली, तर कोठेतरी जुना लिसनर अजून जिवंत आहे आणि ते ॲप दुकानात देण्यासारखे झालेले नाही.